टनामागे सव्वा तोळा

स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या उत्तरेला, टिंड्रम नावाचे लहानसे खेडे आहे. वस्ती दोनशेच्या आत. गावाच्या पश्चिमेला बेन हूर्न हा ८८० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे आणि त्याच्या पोटातून गारगोटीची एक शीर ईशान्य-नैर्ऋत्य अशी तिरपी गेली आहे. शिरेची जाडी सरासरी दोनेक मीटर, कुठे कुठे सहा. एनेक्स इंटरनॅशनल या आयरिश कंपनीला १९८४ मध्ये या शिरेत सोने सापडले. तेव्हापासून डोंगराखालच्या शेतवाडीच्या नावावरून हे ठिकाण कोनोनिशची सोन्याची खाण म्हणून ओळखले जाते.

२०१५ साली शिरेचा जो अधिकृत अंदाज प्रसिद्ध झाला त्यात बऱ्यापैकी खात्रीचा म्हणून धरलेला साठा होता ५ लाख ४१ हजार टन दगड. त्यात टनामागे सरासरी १४.३ ग्रॅम सोने आणि त्याच्या चौपट, म्हणजे ५९ ग्रॅमच्या आसपास, चांदी. आपल्या हिशेबात सांगायचे तर एक टन दगड फोडा, दळा, धुवा, वितळवा, आणि हाती येते जेमतेम सव्वा तोळा सोने. खाणीच्या जगात हा दगड गरीब नव्हे, चांगला श्रीमंत समजला जातो. उघड्या खाणींतून टनामागे एक ग्रॅमवर समाधान मानणाऱ्या कंपन्या जगात पुष्कळ आहेत.

आता हा सगळा दगड एका जागी रचला असे धरू. त्याचा ५८ मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच ठोकळा होईल. जवळजवळ वीस मजली इमारतीएवढा. त्यातले सगळे सोने बाहेर काढून ओतले तर ७.७ टन भरेल आणि त्याचा ठोकळा होईल ७४ सेंटिमीटरचा. माणसाच्या कमरेलाही तो पोचणार नाही.

बाजाराच्या दृष्टीने हा साठा किती लहान आहे तेही आधी मान्य करून टाकू. जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला साधारण ३६०० टन सोने काढतात. त्या वेगाने ७.७ टन म्हणजे १९ तासांचे काम. भारतात गेल्या काही वर्षांत दरसाल ७०० ते ८०० टन सोने विकले गेले; म्हणजे स्कॉटलंडच्या या सर्वांत गाजलेल्या सोन्याच्या शिरेत आपल्या देशाची चार दिवसांचीसुद्धा खरेदी पुरी भागत नाही. ब्रिटिश कंपनीने उभारलेल्या आपल्या कोलारच्या खाणींनी १८८० च्या दशकापासून २००१ पर्यंत सुमारे ८०० टन सोने दिले. कोनोनिश त्याच्या एक टक्का.

ब्रिटनच्या मानाने मात्र हा आकडा क्षुल्लक नाही. वेल्समधली क्लोगाऊ सेंट डेव्हिड्स ही तिथली सर्वांत नावाजलेली सोन्याची खाण. १९२३ साली ब्रिटिश राजघराण्यातल्या एका लग्नात तिथल्या सोन्याची अंगठी वापरली गेली आणि तेव्हापासून तो रिवाज पडला. या खाणीतून १८६२ ते १९११ या जवळजवळ पन्नास वर्षांत १ लाख ६५ हजार ३१ टन दगड निघाला आणि त्यातून मिळाले ७८ हजार ५०७ औंस सोने, म्हणजे २.४ टन. टनामागे हिशेब केला तर पंधरा ग्रॅमच्या जवळपास येतो. दोन वेगळे देश, दोन वेगळे डोंगर, दोन वेगळी शतके, आणि टनामागचा आकडा जवळजवळ तोच. मला यात निव्वळ योगायोग वाटत नाही. याहून फार गरीब शिरा सहसा कोणी खणायला घेत नाही आणि याहून श्रीमंत शिरा निसर्ग क्वचितच घडवतो. खाण म्हणून नाव मिळते ते या मधल्या अरुंद पट्टीतल्यांना.

इथपर्यंतचे आकडे माणसाचे झाले. दगडाचे स्वतःचे आकडे वेगळे आहेत आणि ते ऐकले की ‘लहान’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

पृथ्वीच्या कवचातल्या सरसकट खडकात सोने असतेच. तुमच्या घराच्या पायातल्या दगडातही आहे. पण किती? वजनाने एक अब्ज भागांत सरासरी १.३ भाग, म्हणजे टनाला १.३ मिलिग्रॅम. कोनोनिशच्या शिरेत टनाला १४.३ ग्रॅम. दोन्हींचा भागाकार केला की उत्तर येते ११ हजार. निसर्गाने इथे सोने ११ हजार पटींनी एकवटले आहे.

आणि एकवटायचे तर ते कुठून तरी गोळा करावे लागते. ७.७ टन सोने साध्या खडकातून, एक कणही मागे न ठेवता, उपसून काढले असे धरले तरी जवळजवळ सहा अब्ज टन खडक लागतो. तो होतो २.२ घन किलोमीटर, म्हणजे १.३ किलोमीटर लांब, रुंद आणि उंच असा अखंड खडक. एवढा मोठा शिळाखंड पिळावा तेव्हा ७४ सेंटिमीटरचा तो ठोकळा निघणार. प्रत्यक्षात असे पिळणे कधीच पूर्ण होत नाही. निम्मे सोने मागे राहिले असे धरले तर खडक दुप्पट लागेल, आणि वाटेत काही सोने भलतीकडेच सांडले असेल तर आणखी कितीतरी.

पिळण्याचे काम करते पाणी. डोंगर उभे राहताना खोलवर दबलेल्या गाळाच्या खडकांतून, वर येणाऱ्या ग्रॅनाइटच्या रसातून, आणि काही अंशी जमिनीवरून झिरपून खाली गेलेले, असे नाना वाटांनी आलेले गरम पाणी. तापमान तीनशे अंशांच्या आसपास, पण वरच्या खडकाचा दाब इतका की ते उकळत नाही. त्यात गंधक विरघळलेले असते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू. एरवी कशालाही दाद न देणारे सोने या गंधकाशी जोडी जमवते आणि पाण्यात उतरते.

किती उतरते हा प्रश्न भूवैज्ञानिकांना फार काळ छळत होता, कारण जुन्या शिरेतले पाणी केव्हाच निघून गेलेले असते. २००६ साली स्टुअर्ट सिमन्स आणि केव्हिन ब्राउन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या लाडोलाम येथे, जिथे सोन्याचा साठा अजूनही गरम पाण्यावर बसलेला आहे, एक किलोमीटरहून खोल विहिरीतून त्या पाण्याचा नमुना वर आणला. सोने निघाले एक अब्ज भागांत सुमारे १५ भाग. तिथून दरवर्षी २४ किलो सोने पाण्याबरोबर वर येते असा त्यांचा हिशेब होता, आणि त्या वेगाने १३०० टनांचा तो अवाढव्य साठा अवघ्या ५५ हजार वर्षांत तयार होऊ शकतो. लाडोलाम ज्वालामुखीच्या कुशीतला आहे आणि कोनोनिश वेगळ्या जातीचे, तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पण पाण्याच्या अंगात किती बळ असते याचा अंदाज त्यावरून येतो.

आपण थोडा हात आखडता घेऊ आणि अब्जात १० भाग सोने असलेले पाणी धरू. अशा एका लिटर पाण्यात दहा मायक्रोग्रॅम सोने असेल. ते सगळे एकत्र केले तर ०.०८ मिलिमीटरचा एक कण होईल, साधारण केसाच्या जाडीएवढा. एका तोळ्याला असे साडेअकरा लाख लिटर पाणी लागेल, आणि कोनोनिशच्या सगळ्या सोन्याला ७७ कोटी टन. पाणी टीएमसीत मोजायची सवय असलेल्या वाचकाला सांगायचे तर २७ टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याची चारही धरणे भरून वाहू लागली की त्यांत २९ टीएमसी पाणी असते. जवळजवळ तेवढे पाणी, तीनशे अंशांचे, दोन मीटर रुंदीच्या एका भेगेतून वर चढून गेले तेव्हा कुठे ही शीर बनली.

हा हिशेब फक्त सोन्यावर उभा नाही, त्याला दुसऱ्या बाजूने ताडून पाहता येते. शीर मुख्यतः गारगोटीची. गारगोटी थंड पाण्यात नावापुरतीच विरघळते, पण या तापमानाला आणि दाबाला एका टन पाण्यात साधारण किलोभर विरघळलेली सिलिका राहू शकते. पाणी वर येताना निवले, दाब उतरला, की ती भेगेच्या भिंतींवर बसते. ५ लाख ४१ हजार टनांची शीर किलो-किलोने घडवायची तर ५४ कोटी टन पाणी लागेल, म्हणजे १९ टीएमसी. सगळी सिलिका एकाच जागी उतरत नाही, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच. एक हिशेब सोन्याच्या बाजूने, दुसरा गारगोटीच्या बाजूने, दोन्ही अगदी ढोबळ. आणि दोन्हीही त्याच धरणांच्या आसपास येऊन थांबतात. मला या सगळ्या विषयात याहून समाधान देणारी गोष्ट आढळलेली नाही.

एवढे पाणी म्हटले की डोळ्यांपुढे लोंढा येतो. पण त्याला वेळेने भागा. समजा हे काम दहा हजार वर्षे चालले. भूशास्त्रात हा अगदी थोडका काळ. तर सेकंदाला अडीच लिटर पाणी पुरते. एक लाख वर्षे चालले असेल तर सेकंदाला पाव लिटर: घरातला एक नळ पूर्ण सोडला की पडते तेवढी धार. शिरेचे रहस्य पाण्याच्या लोंढ्यात नाही. तीच धार, त्याच भेगेतून, न चुकता, हजारो वर्षे वाहत राहिली आणि सोने दरवेळी त्याच काही मीटरांत सुटत राहिले, खरे नवल तिथे आहे.

सोने का सुटते, यावर गेल्या चाळीस वर्षांत उत्तम काम झाले आहे. टिंड्रमजवळूनच टिंड्रम विभंग नावाची मोठी भेग जाते. या भागातल्या शिसे-जस्ताच्या जुन्या शिरा त्या विभंगाला लागूनच आहेत. अशा विभंगांवर खालून पाण्याचा दाब वाढत जातो, भेग गारगोटीने बुजलेली असते, आणि एका क्षणी खडक सरकतो: भूकंप होतो. भेग उघडते, पाणी वर धावते, दाब पडतो, गारगोटी आणि सोने बाहेर टाकले जाते, भेग पुन्हा बुजते. रिचर्ड सिब्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही झडपेसारखी उघडझाप मांडली. आपल्या डोळ्यांना जी एक शीर दिसते ती अशा कितीतरी उघडझापींची थरावर थर चढलेली नोंद असते. पुढे २०१३ साली डिऑन वेदर्ली आणि रिचर्ड हेन्ली यांनी दाखवले की भूकंपात भेग एकाएकी रुंदावली की तिच्यातले पाणी क्षणात वाफेत बदलते आणि त्यात विरघळलेले सारे तिथल्या तिथे उतरते.

आणखी एक कोडे उरत होते. पाण्यात सोने इतके विरळ, तर मग मोठे गठ्ठे कसे बनतात? २०२४ मध्ये ख्रिस व्हॉयसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात एक प्रयोग केला. गारगोटी दाबली की तिच्यात विजेचा दाब तयार होतो. बहुतेक मनगटी घड्याळे याच गुणावर चालतात. त्यांनी गारगोटीचे तुकडे सोने असलेल्या द्रावणात बुडवले आणि भूकंपाच्या लहरींसारखे हलवले. सोने गारगोटीवर बसले, पण जिथे आधीच सोन्याचा कण होता तिथे जास्त बसले, कारण सोने वीज वाहते आणि गारगोटी वाहत नाही. एकदा कण पडला की पुढच्या प्रत्येक हादऱ्यात तोच वाढतो. सोन्याकडे सोने जाते ते असे.

हे सगळे घडले केव्हा? शिरेतल्या फेल्डस्पारमध्ये पोटॅशियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून साठलेला आर्गॉन वायू मोजून तिचे वय काढले आहे: सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे महाराष्ट्रावर लाव्हा पसरला तेव्हा ही शीर आजच्या सह्याद्रीच्या पाचपट जुनी होऊन बसली होती. स्कॉटलंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होते. आयापेटस नावाचा महासागर मिटून दोन भूखंड एकमेकांना भिडले होते, त्या धडकेत उठलेली उत्तुंग पर्वतरांग अजून उभी होती, आणि तिच्या मुळाशी ग्रॅनाइटचा रस निवत होता.

त्याच सुमारास, स्कॉटलंडच्याच ईशान्येला राइनी या गावापाशी, जमिनीवर गरम पाण्याचे झरे वाहत होते. त्यांतल्या सिलिकेने काठची वनस्पती जागच्या जागी दगड करून टाकली. विल्यम मॅकी या डॉक्टरांना १९१२ साली तो दगड सापडला. त्याचे वयही ४० कोटी ७० लाख वर्षांच्याच आसपास निघते आणि त्या झऱ्यांच्या खडकांतही नेहमीपेक्षा अधिक सोने आढळते. त्या वनस्पती वीतभर उंचीच्या, बिनपानांच्या, बिनमुळांच्या. जगात अजून जंगल म्हणावे असे काही उगवलेले नव्हते. कोनोनिशची शीर घडत होती तेव्हा तिच्यावर, कित्येक किलोमीटर वर, जी काही हिरवळ असेल ती अशी. त्यानंतर वरचा तो सारा खडक झिजून गेला. पाच किलोमीटर झिजला असे धरले, तर वेग येतो वर्षाला एका मिलिमीटरच्या ऐंशीव्या भागाएवढा. शेवटी हिमयुगातल्या बर्फाने दरी कोरली आणि शीर उघडी पडली.

शिरेचा एक तुकडा हातात घेतला तर सोने दिसण्याची शक्यता फार कमी. दिसते ती दुधी पांढरी गारगोटी. तिच्यात पितळी चमकेचा पायराइट, ज्याला आपल्याकडे माक्षिक म्हणतात. आणि शिशाच्या गॅलेनाचे करडे, आरशासारखे चकाकणारे ठोकळे, ज्यांच्यामुळे तुकडा अपेक्षेपेक्षा जड लागतो. थोडे जस्ताचे स्फॅलेराइट, थोडे तांब्याचे चॅल्कोपायराइट. सोने लपलेले असते पायराइटच्या बारीक चिरांत आणि गॅलेनाच्या शेजारी, बहुधा चांदीबरोबर मिसळलेले. चांदी आणि टेल्युरियम यांच्या संयुगांचीही सोबत असते. सगळे सोने ०.०५ मिलिमीटरच्या कणांत आहे असे मानले, तर त्या शिरेत सव्वातीन लाख कोटी कण आहेत.

त्याच तुकड्याची कागदाहून पातळ, दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत केलेली चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पाहताना माझे भान हरपते. गारगोटीत रेषारेषांनी अडकलेले बारीक थेंब. एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि त्यात एक थरथरणारा बुडबुडा. शीर घडवणाऱ्या पाण्याचा हा उरलासुरला अंश आहे. चकती हळूहळू तापवत गेले की बुडबुडा आक्रसतो आणि एका विशिष्ट तापमानाला नाहीसा होतो. थेंब अडकला तेव्हा पाणी निदान तेवढे तरी गरम होते, हे त्यावरून कळते. २७ टीएमसीतले हे जे शेवटचे काही थेंब उरले आहेत त्यांनीच बाकीच्या पाण्याचे तापमान, खारेपणा आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड सांगितला.

सगळ्या धातूंना एकच माप लावता येत नाही हेही इथे बोलायला हवे. सोने ११ हजार पट एकवटावे लागते. चांदी कवचात अब्जात सुमारे ७५ भाग असते, तेव्हा टनामागे ५९ ग्रॅम व्हायला आठशे पट पुरते. शिसे खडकात टनाला दहा-पंधरा ग्रॅम असतेच, पण ते स्वस्त असल्यामुळे खाण चालायची तर दगडात पाच टक्के तरी हवे. म्हणजे तिथेही तीन ते पाच हजार पट. धातू दुर्मिळ असो की सामान्य, पाण्याला कष्ट करावेच लागतात. शिसे आणि जस्त मात्र गंधकाबरोबर नव्हे तर मिठातल्या क्लोरीनबरोबर प्रवास करतात, म्हणून एकाच भेगेत ती सोन्यापेक्षा वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या उंचीवर उतरू शकतात. टिंड्रमजवळ तर शिशाच्या वेगळ्या शिराच आहेत. सर रॉबर्ट क्लिफ्टन यांनी १७४१ मध्ये इथे शिशाची शीर शोधली आणि शंभराहून अधिक वर्षे लोक तिथे शिसे खणत राहिले. सोने तिथून जवळच होते. त्याची कोणाला दाद नव्हती. शिशाचा दगड जिथे कुटून धुतला जायचा त्या जागी आजही गवत नीट धरत नाही. वेस्ट हायलँड वे ही प्रसिद्ध पायवाट तिच्या कडेनेच जाते.

आता डोंगराबाहेर उभे राहून आत ७.७ टन सोने आहे हे ठरवायचे कसे, याकडे वळू. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत धाडसी आकडा हाच आहे. शिरेत छिद्र पाडून दगडाची कांडी बाहेर काढतात. तिचा व्यास साधारण पावणेपाच सेंटिमीटर. समजा अशी छिद्रे एकमेकांपासून तीस-तीस मीटरवर घेतली. मग एक कांडी नऊशे चौरस मीटर शिरेच्या वतीने बोलते. क्षेत्रफळाने पाहिले तर पाच लाखांत एक भाग पाहून बाकीच्याबद्दल निर्णय. पुढे त्या कांडीतला मीटरभर तुकडा, जवळपास पाच किलोंचा, उभा कापतात, अर्धा जपून ठेवतात, अर्धा दळतात, आणि त्या पिठातले तीस ग्रॅम परीक्षेला जातात.

तीस ग्रॅमांत असते काय? टनाला १४.३ ग्रॅम या सरासरीने अर्धा मिलिग्रॅमसुद्धा सोने नाही. कण ०.१ मिलिमीटरचे असतील तर त्यात बावीस कण येतात. दोन-चार इकडेतिकडे झाले तरी फार बिघडत नाही. पण अर्ध्या मिलिमीटरचा एकच कण त्यात आला, तर त्या एकट्यामुळे उत्तर टनाला ८० ग्रॅम येते. तो कण शेजारच्या चिमटीत गेला तर उत्तर जवळजवळ शून्य. दगड तोच, पीठ तेच. म्हणून चांगला भूवैज्ञानिक एका छिद्रातला झगझगीत आकडा पाहून हुरळत नाही. तो छिद्रे वाढवतो, नमुने वाढवतो, अतिश्रीमंत आकडे एका मर्यादेवर छाटतो आणि मगच सरासरी काढतो.

परीक्षेची पद्धत मात्र आपल्या सराफकट्ट्याला अनोळखी वाटणार नाही. दगडाच्या पिठात टाकणखार, सोडा आणि मुरदाडशिंग मिसळून ते मुशीत हजार अंशांवर वितळवतात. मुरदाडशिंगातले शिसे थेंबाथेंबाने खाली उतरते आणि वाटेत भेटेल ते सोने-चांदी पोटात घेते. ती शिशाची गोळी मग हाडांच्या राखेच्या वाटीत तापवतात. शिसे वाटीत मुरते, वर राहतो टाचणीच्या टोकाहून बारीक मणी. चांदी आम्लात विरघळवली की उरते ते सोने. कोनोनिशच्या भेगेत शिसे आणि सोने जवळजवळ बसलेले होते. प्रयोगशाळेत त्याच शिशाला सोने वेचायच्या कामी लावले जाते.

खाणीची पुढची हकीगत थोडक्यात. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४२४ साली सोन्याच्या खाणी राजाच्या ठरवल्या आणि आजही तिथल्या सोन्या-चांदीचा हक्क राजसत्तेच्या मालमत्तेकडेच आहे, त्यामुळे तिचा पट्टा घ्यावा लागतो. डोंगर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आला होता. स्कॉटगोल्ड कंपनीचा पहिला अर्ज २०१० मध्ये फेटाळला गेला, २०११ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २०१८ मध्ये सुधारित आराखडा मान्य झाला. दळलेल्या दगडाचे काय करायचे हाच मुख्य वाद होता, आणि तो रास्त होता: टनातले १४ ग्रॅम काढून घेतल्यावर जवळजवळ टनच उरतो. शेवटी तो कोरडा करून, हिमनदीने मागे टाकलेल्या उंचवट्यांसारखे आकार देऊन डोंगरउतारावर रचायचे ठरले. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिले सोने ओतले गेले. २०२३ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेली. अरुंद शिरेच्या खाणीत हे नेहमीचे दुखणे आहे: दोन मीटरची शीर काढताना बाजूचा निर्धन दगडही फुटून मिसळतो, आणि कागदावरचे टनामागचे १४ ग्रॅम गिरणीपर्यंत पोचता पोचता घटतात.

आपल्याकडेही अशी लहान ठिकाणे आहेत. नागपूर-भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यात परसोडी, मरूपार अशा गावांजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचे अंश नोंदवले आहेत. सोने सापडल्याची बातमी आली की वाचकाने दोनच आकडे विचारावेत: दगड किती टन, आणि टनामागे ग्रॅम किती. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टन सोने सापडल्याची बातमी देशभर झळकली. सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला की साठा ५२ हजार ८०६ टन दगडाचा आहे आणि त्यात टनामागे ३.०३ ग्रॅम सोने. गुणाकार करा: १६० किलो. बातमीतला आकडा त्याच्या जवळजवळ १९ हजार पट होता. १६० किलोंचा ठोकळा वीस सेंटिमीटरचा, आणि त्यावरून अनेकांनी सोनभद्रला नावे ठेवली. पण तोच ठोकळा सरसकट खडकातून गोळा करायचा झाला तर बारा कोटी टन खडक एकही कण न सोडता धुवावा लागतो. सोनभद्रमध्ये तेवढे काम झालेले आहे.